खिळा बारा

तार्ब, ४ मार्च २०२२

प्रिय मार्सियालकाकास,

मगालीचा सा. न. आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. ओडेतकाकूच्या वाट्याचे मुके वेगळे आहेत, ते तू मध्येच लाटू नकोस.

फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही असं काकूनं कळवलं. चाळीस वर्षं रिव्हेटी ठोकल्यावर कान शिल्लक राहणार तरी कुठून. तेव्हा आता पत्रं. अक्षराला नावं ठेवू नकोस, दिवसभर ग्रीसमध्ये बुडालेले हात आहेत.

बातमी अशी की ते आलं. दुमजली. तुमच्या कारखान्याच्या हॉलमधून निघालेलं अकरावं विमान, तुझ्या आणि बाबांच्या हातचं. सोमवारी सकाळी धावपट्टीवर उतरलं तेव्हा अर्धं गाव कुंपणाला चिकटून उभं होतं आणि टाळ्या वाजवत होतं. माझं डोकंच फिरलं. लग्नाची वरात आल्यासारखे टाळ्या काय वाजवता, ते इथं कापायला आणलंय. पंधरा वर्षं हे काय विमानाचं वय झालं? मालक म्हणतात चार इंजिनं फार तेल पितात. बांधताना मोजली नव्हती का इंजिनं?

दुसऱ्या दिवशी कामावर तासभर आधी गेले आणि कॉफीचा पेला घेऊन एकटीच त्याच्याखालून चालत गेले. नाकापासून शेपटीपर्यंत कॉफी संपली. बावीस चाकं, एकेक माझ्या छातीला लागेल एवढं. शेपूट आठ मजली इमारतीएवढं उंच, मान दुखेपर्यंत पाहिलं. एका पंखाच्या सावलीत आमच्या यार्डातली सगळी माणसं जेवायला बसली तरी निम्मी सावली उरेल. हे एवढं धूड हवेत जातं, हे मला दोन वर्षं विमानं कापूनसुद्धा खरं वाटत नाही. तेवढ्यात भंगाराचा एक व्यापारी आला आणि यात ॲल्युमिनियम किती टन निघेल म्हणून विचारू लागला. मी त्याला म्हटलं, आधी पंखाखाली उभं राहून पाच मिनिटं वर बघ, मग विचार. तो बघायला लागला आणि टनांचं विचारायचं विसरला.

बाबा आठवडाभर माझ्याकडे राहायला आलेत, त्यांना सांगितलं की अकरावं आलंय. ते लसणाच्या सूपखालचा गॅस बंद करून अंगणात गेले. साहजिकच आहे. ह्याच विमानानं त्यांना हॉलबाहेर काढलं. आमच्या यार्डातही तुमच्यासारखाच फळा आहे: प्रत्येक हत्याराला एक खिळा, हत्यार घेतलं की त्या खिळ्यावर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला लटकवायचा, आणि पाळी संपताना फळ्यावर एकही बिल्ला उरता कामा नये. रोज तो फळा पाहिला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ब्लान्याकच्या शाळेत मला मगाली कुणी म्हणतच नव्हतं, आठवतं ना? खिळा बारा म्हणायचे. बाप विमानात पाना विसरला, म्हणून मुलगी खिळा बारा.

एक गंमत मात्र सांगायची राहिली. बाबा रोज पहाटे पाचला उठून संगणकावर विमानांचा नकाशा उघडून बसतात, कुठलं विमान कुठे आहे ते बघतात. छंद आहे म्हणतात. पण सोमवारी हे उतरल्यावर त्यांनी संगणक बंद केला आणि मंगळवारी दुपारी बारापर्यंत झोपले. मी जेवायला घरी आले तेव्हा घाबरून दोनदा श्वास बघितला.

लोभ आहेच, तो पत्रोत्तरानं वाढवावा.

तुझी
मगाली

•

मिरांद, ११ मार्च २०२२

चि. मगालीस,

काकाचे अनेक आशीर्वाद, आणि काकूचे त्याहून एक जास्त, तसं लिही म्हणून ती मागे उभी आहे.

तुझं पत्र वाचून माझंही डोकं तडकलं. आम्ही विमानं बांधली आणि आमच्या घरातली पोरगी ती कापते. तुझ्या त्या कात्रीवाल्यांना सांग, कापण्याआधी टोपी तरी काढा. पंधरा वर्षांनी गाढवालासुद्धा कामातून सोडत नाहीत.

पंख जोडायचा दिवस तू पाहायला हवा होतास. छत्तीस मीटर लांबीचा पंख पाळण्यात घालून आणायचा, आणि शेवटचा हातभर प्रवास करायला त्याला अख्खी सकाळ लागायची. केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे. दोनशे माणसं हॉलमध्ये, आणि कुणी खोकत नसे. भोकावर भोक बसलं की पहिला बोल्ट हातानं आत जायचा, हातोडी लागायची नाही. बोल्ट असा लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला की वाटायचं, हे आपण केलं. मग आमचं काम. नोएलचा डावा पंख, माझा उजवा. तुझे बाबा रग्बीत पहिल्या फळीत ढुशा देणारे. ते खांदे त्या पंखाच्या पोटातल्या लंबगोल भोकात कसे शिरणार? ते बाहेर माचाणावर उभे राहून हात आत घालून जेवढं होईल तेवढं करायचे. मला मात्र सगळे उंदीर म्हणायचे. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, सापासारखा. हॉलमध्ये तिसऱ्या कप्प्यात जाणारे आम्ही तिघंच होतो. म्हणून तर त्या वर्षी मला मुकादम केलं.

नोएलचं जे झालं ते झालं. त्या पान्याचं नाव काढू नकोस त्याच्यासमोर, इतक्या वर्षांनी खपली काढून काय मिळायचं. दर गुरुवारी ब्लान्याकच्या कॅफेत आमचं जुन्या फिटरांचं टेबल भरतं, तिथंही मी कुणाला तो विषय काढू देत नाही. त्याला कितीदा ये म्हटलं, येत नाही. हट्टी आहे.

तुम्ही कुठून सुरुवात करणार? पंख कधी उघडणार? सहज विचारतो आहे.

आमच्यावरचा तुझा लोभ पाव-लोण्यासारखा रोजचा असावा, सणासुदीचा नको.

तुझा काका
मार्सियाल

•

तार्ब, २२ मार्च २०२२

प्रिय काकास,

सा. न. आज घाईचा आहे, माफ कर. हे पत्र काकूला वाचून दाखवू नकोस.

गेल्या आठवड्यात चारही इंजिनं उतरवली. उतरवताच पंखांची टोकं वर आली, पाठीवरची गोणी उतरवल्यावर माणूस ताठ होतो तशी. मी यार्डाच्या मध्यभागी उभी राहून बघतच राहिले. आमच्या मुकादमबाईंनी दोनदा हाक मारली.

मग कापण्याआधी पंखांतल्या इंधनटाक्यांचे कप्पे तपासायचे होते. बारीक अंगाची म्हणून मलाच आत पाठवतात, तुझाच वारसा. पंखाच्या मुळाशी एका कप्प्यात, दोन पट्ट्यांच्या बेचक्यात, जोड बंद करायच्या त्या चिकट लेपात अर्धा रुतलेला एक पाना मिळाला. एकोणीस नंबरचा. सुरीनं खरवडून काढला, टॉर्च जवळ नेला. दांड्यावर कोरलंय, फळा सात, खिळा बारा.

काका, मी तिथंच आडवी पडून राहिले. पंधरा वर्षं मला वाटत होतं की हा पाना कधी विमानात नव्हताच. फळा चुकीचा होता, मोजणारा चुकला, कुणीतरी बाबांवर डूख धरला, असं काहीतरी. याच विश्वासावर मी शाळेत एका मुलाचा दात पाडला होता. याच विश्वासावर आई मरेपर्यंत त्या कारखान्यातल्या कुणाच्या घरी जेवली नाही. आणि पाना इथंच होता. म्हणजे बाबांनीच टाकला. आणि आम्हाला तोंडावर सांगितलं की मी तो घेतलाच नव्हता. मी त्यांच्यासाठी भांडभांड भांडले आणि ते माझ्याशी खोटं बोलले, याचा मला इतका राग आलाय की गेले चार दिवस मी त्यांचा फोन घेतलेला नाही.

नियमानं तो कचेरीत द्यायला हवा. मी बुटात घालून घरी आणला. आता भाकरीच्या डब्यात आहे. बाबांसमोर ठेवू का? त्यांना विचारू का की का खोटं बोललात? तू त्यांचा भाऊ, तू सांग.

गोंधळलेल्या पुतणीवर लोभ असू दे.

मगाली

•

मिरांद, २५ मार्च २०२२

चि. मगालीस अनेक आशीर्वाद,

पत्र मिळाल्या मिळाल्या लिहितो आहे. आधी शांत हो. पाणी पी.

आता माझं ऐक. तो पाना आदूर नदीत टाक. तार्बच्या पुलावर जा, इकडे तिकडे बघ आणि टाकून दे. कचेरीत देऊ नकोस, नोएलला तर मुळीच दाखवू नकोस. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आता काय शिक्षा करायची? बापावर इतका राग धरू नये. आमच्या धंद्यात हातून चूक होते, पोरी. उजव्या पंखाचा तो तिसरा कप्पा, तिथं अंधार एवढा की हातातली वस्तू सुटली तर कुठे गेली हे देवालाही दिसायचं नाही. त्यात माणूस आठ तास वाकून काम करतो, बोटं बधिर होतात. नोएल खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही. तो विसरला असेल. मी तर त्याला केव्हाच मनातून माफ केलंय. तूही कर.

काकूनं बदकाच्या कॉन्फीची, चरबीत मुरवलेल्या तंगड्यांची, बरणी पाठवली आहे, सोबत मिळेल. त्याला फोन कर आणि जणू काही झालंच नाही असं बोल. सगळ्यांना शांतपणे म्हातारं होऊ दे.

लोभ आहेच, तो असाच समजूतदार राहावा.

काका

•

तार्ब, २९ मार्च २०२२

श्री. मार्सियाल दारिये यांस,

आज सा. न. नाही. मुके तर नाहीतच. आणि आजपासून तुम्ही 'तुम्ही'.

मी तुमचं पत्र सात वेळा वाचलं. मग माझं स्वतःचं पत्र आठवून आठवून पुन्हा मनात लिहून काढलं. मी तुम्हाला 'पंखाच्या मुळाशी एका कप्प्यात' एवढंच लिहिलं होतं. कुठला पंख ते लिहिलं नव्हतं. कितवा कप्पा ते लिहिलं नव्हतं. पाना उजव्या पंखात होता, तिसऱ्या कप्प्यात होता, हे अगदी खरं आहे. पण ते मला आणि माझ्या टॉर्चला माहीत. तुम्हाला मिरांदमध्ये बसून कसं कळलं?

तुम्हीच लिहिलं होतंत की डावा पंख बाबांचा आणि उजवा तुमचा. तुम्हीच लिहिलं होतंत की तिसऱ्या कप्प्यात उंदरासारखी माणसंच जातात आणि माझ्या बापाचे खांदे पहिल्या भोकातसुद्धा शिरत नाहीत. बढाई मारताना विचार करायचा होता. की तुम्हाला वाटलं, ही पोरगी काय, पत्रं वाचते आणि फेकून देते?

कारखान्यानं तेव्हा चार दिवस विमान उघडलं. कुठला पंख उघडला? डावा. कारण खिळ्यावर बिल्ला बाबांचा होता. चार दिवस तुम्ही तिथं उभे राहून तुमच्या भावाचा पंख पोखरताना पाहिलात, आणि तो पाना कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. नंतर मुकादमाचा कोट घालून आमच्याकडे रविवारी जेवायला आलात. दर रविवारी आलात. मला मांडीवर घेऊन शाळेत कोण चिडवतं म्हणून विचारलंत. मी नऊ वर्षांची होते आणि तुमच्या कोटाला डोकं टेकून रडले होते. त्या कोटाची मला आता किळस येते.

आणि वर तुम्ही त्यांना मनातून माफ केलंत. हे वाक्य लिहिताना लाज नाही वाटली?

बिल्ला बाबांचा कसा आला तिथं? हे एवढं सांगा. बदकाची बरणी मी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दिली. काकूला सांगा की तिच्यावर माझा राग नाही.

लोभ राहणार की नाही ते उत्तर आल्यावर बघू.

मगाली दारिये

•

मिरांद, ३ एप्रिल २०२२

मगाली,

आशीर्वाद द्यायचा हक्क मी गमावला आहे असं तू म्हणशील, म्हणून लिहीत नाही.

माझे सहाही बिल्ले त्या दिवशी लागलेले होते. सहा हत्यारं बाहेर होती आणि मला एकोणीसचा पाना हवा होता. आम्ही सगळेच एकमेकांचे बिल्ले वापरायचो, नियमात बसत नव्हतं तरी. नोएलचा जुडगा त्याच्या कोटावर खुंटीला होता. त्यातला एक काढला, एक्केचाळीस नंबरचा, आणि खिळ्यावर अडकवला. त्याला सांगायला गेलो तर तो माचाणावर वर होता, म्हटलं नंतर सांगू. आत पाना हातातून सुटला. बेचक्यात पडल्याचा आवाज आला, पण हात पोचेना. जेवणाची सुट्टी झाली, म्हटलं जेवून आकड्यानं काढतो. परत आलो तोवर लेपवाल्यांनी तो कप्पा बंद केला होता. पुन्हा उघडायचा तर कागद, सह्या, साहेब. मुकादमकीची यादी त्याच आठवड्यात निघायची होती.

सांगणार होतो. शपथेवर सांगतो, पहिल्या दिवशी सांगणार होतो. मग त्यांनी डावा पंख उघडला आणि मला वाटलं, काहीच सापडणार नाही, सगळे थकतील, विषय मिटेल. मिटला नाही. नोएलला खाली गोदामात पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं, आणि दुसऱ्या वर्षी तर अशक्यच. तू म्हणशील ही काय सबब झाली. सबब नाहीच. भ्यालो, एवढंच.

पण मगाली, आता त्याला सांगून काय होणार? नोकरी परत येणार आहे? तो स्थिरावला आहे, बागेत रमतो, विमानांचा नकाशा बघतो. त्याचा भाऊ तरी त्याच्याकडे राहू दे. मी हात जोडतो. ओडेतला यातलं काही माहीत नाही.

लोभ मागत नाही. दया असावी.

मार्सियाल

•

तार्ब, १२ एप्रिल २०२२

काका,

हा शब्द सवयीनं लिहिला गेला, त्यातून काही काढू नका.

मी सांगितलं. शनिवारी ब्लान्याकला गेले, आधी इतके दिवस फोन न घेतल्याबद्दल बाबांचे पाय धरले, मग तुमची सगळी पत्रं आणि पाना त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पत्रं वाचली. चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं ओरडतील, टेबल उलटं करतील. ते एवढंच म्हणाले की मला ते विमान बघायचं आहे.

सोमवारी मुकादमबाईंची परवानगी काढून त्यांना यार्डात आणलं. मी समजत होते की ते आत आल्यावर पंखाकडे धावतील. ते फाटकातच थांबले. मग खाली मान घालून नाकाखालून, पोटाखालून चालत राहिले, वर पाहीनात. उजव्या पंखाखाली आल्यावर विचारलं, कुठल्या भोकातून. मी दाखवलं. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि शिडी चढले.

डोकं आत गेलं. उजवा हात आत गेला. खांदा अडला. त्यांनी हात वर करून तिरकं होऊन पाहिलं, अडला. श्वास सोडून पाहिलं. मी खालून बाबा पुरे म्हणत होते, शर्ट फाटला, खांद्याला खरचटून रक्त आलं, तरी तिसऱ्यांदा ढुशी दिली. यार्डातली माणसं काम थांबवून बघत होती. मग ते तसेच डोकं आत घालून शिडीवर उभे राहिले, बराच वेळ. त्या पोकळीतून हसण्यासारखा आवाज आला, पण तो हसण्याचा नव्हता. खाली उतरल्यावर मला म्हणाले, बघ, मी इथं कधी आलोच नव्हतो.

काका, मला तोवर कळलंच नव्हतं. त्यांना तुम्ही गुन्हेगार आहात हे जाणून घ्यायचं नव्हतं. आपण नाही आहोत, हे जाणून घ्यायचं होतं. या माणसानं पंधरा वर्षं स्वतःवरच विश्वास ठेवला नव्हता.

बाकी ते स्वतः लिहितील. तुमची पत्रं त्यांच्याकडेच आहेत, परत मागू नका.

मगाली

•

ब्लान्याक, १५ एप्रिल २०२२

मार्सियाल,

मला नमस्कार-चमत्कार लिहायला जमत नाहीत, आज तर नाहीच.

नोकरीचं मी केव्हाच गिळलं. गोदामात खोकी बांधली, तीही नीट बांधली. त्याबद्दल हे पत्र नाही.

पहिले दहा दिवस मी छाती ठोकून सांगत होतो की मी पाना घेतला नाही. अकराव्या दिवशी वाटलं, घेतला असेल. बिल्ला माझा, फळा माझा, सगळे शहाणे लोक एक सांगतात आणि मी एकटा दुसरं. हळूहळू मला आठवायलाही लागलं. हात आत घालतोय, पाना सुटतोय, आवाज येतोय. जे घडलंच नाही ते मला आठवतं, इतकं स्पष्ट की आवाजसुद्धा. तो आवाज तू ऐकला होतास.

मग हिशेब सरळ होता. पाना मी टाकला, तो सापडला नाही, म्हणजे तो अजून आत आहे. पंखाच्या पोटात पोलाद सुटं फिरतंय आणि वर पाचशे माणसं जेवतायत, सिनेमा बघतायत. एक दिवस तो सरकेल, नको तिथं अडकेल आणि ते पडेल. साहेबांना दोनदा लिहिलं, उत्तर आलं की फाईल बंद आहे. म्हणून मी रोज पहाटे उठून बघायचो, ते कुठे आहे. मगालीला वाटलं छंद. मी सगळी विमानं नाही, एकच विमान बघत होतो, पंधरा वर्षं. ते समुद्रावर गेलं की मला घास जात नसे. उतरलं की मी दिवस सुरू करायचो.

एका रविवारी ते वादळात नकाशावरून चाळीस मिनिटं नाहीसं झालं होतं. मी मोरीत ओकलो. तू आमच्याच टेबलावर बसला होतास, बदकाची तंगडी सोलत होतास. काय झालं म्हणून विचारलंस. पोट बिघडलंय म्हटलं. तू म्हणालास, चमचाभर आर्मान्याक ब्रँडी घे, बरं वाटेल.

तुला माहीत होतं की तो उजवीकडे आहे. तुला माहीत होतं की तो लेपात रुतलाय, हलणार नाही, कुणाला काही करणार नाही. तुला मुकादमकी ठेवायची होती तर ठेवायचीस. गुन्हा माझ्या नावावर राहू द्यायचास. कानात एक वाक्य सांगायचंस, नोएल, ते पडणार नाही. तेवढं तुझ्यानं झालं नाही.

काल गुरुवार होता. मी तुमच्या टेबलावर गेलो. तू आला नव्हतास. पंधरा वर्षांनी गेलो म्हणून सगळे उठले. मी पाना मध्ये ठेवला आणि तुझी तीन तारखेची चिठ्ठी वाचली. सगळेच तुझ्यासारखे बहिरे झाले आहेत, कुणाला ऐकू जाईना, म्हणून ओरडून वाचावी लागली. एकदा वाचून झाल्यावर कोपऱ्यातला एकजण म्हणाला, पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. तेव्हा ती मी दोनदा ओरडून वाचली, कॅफेतल्या सगळ्यांनी ऐकली आणि पलीकडच्या पाववाल्यानंही. तू गुरुवारी यावंस की नाही ते तूच ठरव. खुर्ची कुणी काढलेली नाही.

सोमवारी शिडीवरून उतरल्यावर मी पहिल्यांदा वर पाहिलं. माझं आयुष्य गेलं विमानं बांधण्यात, आणि हे सगळ्यात मोठं, सगळ्यात सुंदर, याच्याकडे मी कधी आनंदानं पाहिलं नव्हतं. पंखाचं टोक कुठे संपतं ते दिसत नव्हतं इतकं लांब. पलीकडे डाव्या पंखावर बोल्टांची माझी रांग अजून तशीच, एकही ढिला नाही. पाना पोटात घेऊन पंधरा वर्षं उडालं, कधी कुरकुरलं नाही. फार चांगलं बांधलं होतं आपण, मार्सियाल. मी मान वर करून तास-दीड तास पाहिलं. दुसऱ्या दिवशी मगालीच्या माणसांनी पंख कापायला घेतले. पंधरा वर्षांपैकी मला तेवढाच वेळ मिळाला. बाकीचा तू घेतलास.

ओडेतला काही सांगू नये असं तू लिहिलं आहेस. हे पाकीट तिच्या नावानं टाकतो आहे.

लोभ होता.

नोएल
बिल्ला नं. ४१